लुटीतला विधवेचा हिस्सा

नरसी नामदेवपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी शिवाजी महाराजांच्या आरमारातला दौलतखान आपल्याला ठाऊक असतो. लढाया आपण अभिमानाने सांगतो. कामी आलेल्याच्या घरची चूल कशी पेटायची, हे मात्र फारसं विचारत नाही.

आरमाराचं नाही, पण फौजेचं उत्तर सभासद बखरीत आहे. 1659 च्या अफजलखान प्रकरणानंतर मृतांच्या मुलांना चालवलं, मुलगा नसेल तर बायकोला निम्मं वेतन दिलं. पुढे अशा मदतीला बालपरवेशी म्हणत.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. 1812 मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं तेव्हा खासगी जहाजांना शत्रूची जहाजं पकडण्याचे परवाने दिले. परवाना आणि चाचेगिरी यांत फरक काय? तर सरकारचा लगाम. मालकाने 5,000 डॉलरचा जामीन द्यायचा, जहाजावर दीडशेहून जास्त माणसं असली तर 10,000. रोजनिशी ठेवायची. पकडलेलं जहाज आधी कोर्टात न्यायचं, निकालाशिवाय वाटणी नाही. आणि निव्वळ रकमेतले 2 टक्के जखमी, विधवा आणि अनाथांसाठी आधीच कापून घ्यायचे. आम्हाला या कायद्यातलं हेच कलम सगळ्यात मोलाचं वाटतं.

सरकारी नौदलाची पेन्शनही लुटीतल्या सरकारी वाट्यावरच उभी होती. पण शांततेच्या काळात लूट कुठून येणार? विधवा तर असतातच. 1837 च्या कायद्याने मागच्या तारखेपासून पेन्शन देऊ केली आणि काही वर्षांतच तो निधी आटला. मग पैसे सरकारी तिजोरीतून द्यावे लागले.