जन्मतः न रडलेल्या बालकांवरील शीतोपचार

आपल्या रुग्णालयात नवजात बालकांना थंड ठेवण्याचे यंत्र का नाही, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली आहे व त्यासाठी देणगी देण्याची तयारीही दर्शविली आहे. त्यांच्या सद्भावनेचा आदर राखून याचा खुलासा करणे आम्हांस उचित वाटते.

प्रसूतीच्या वेळी प्राणवायू अपुरा पडल्यास बाळाच्या मेंदूला इजा होते. श्वास व रक्ताभिसरण सुरू झाल्यावर काही तास मेंदू सावरल्यासारखा भासतो. मग पेशी पुन्हा ढासळू लागतात व झटके येतात. हा दुसरा आघात टाळण्यासाठी जन्मापासून सहा तासांच्या आत बाळाचे तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून ७२ तास स्थिर ठेवतात आणि नंतर तासाला अर्धा अंश या गतीने पूर्ववत आणतात. थंडाव्याने मेंदूची ऊर्जेची गरज घटते.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवणाऱ्या आजीबाईंना हे उफराटे वाटेल. त्यांचे चुकतही नाही, कारण निरोगी अथवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऊबच हवी. घरी किंवा वाटेत बाळाला थंड करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

२००५ पासून प्रसिद्ध झालेल्या प्रगत देशांतील चाचण्यांत या उपचाराने मृत्यू व अपंगत्व घटल्याचे दिसले. साधारणतः सात बालकांवर उपचार केल्यास एक बालक त्यातून वाचते, असा हिशेब निघाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अल्प खर्चाची पद्धतही विकसित झाली. खर्चाचा प्रश्न असा सुटल्यावर खरेदीस अडचण ती कोणती?

अडचण आहे ती 'हेलिक्स' चाचणीच्या निष्कर्षांची. २०१५ ते २०१९ या काळात भारत, श्रीलंका व बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बालकांवर ही चाचणी झाली. मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांपैकी एक. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थंड ठेवलेल्या बालकांपैकी ४२ टक्के दगावली, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३१ टक्के. मृत्यू व अपंगत्व एकत्र धरले, तरी लाभ आढळला नाही. आपल्याकडे इजा कळा लांबताना, कदाचित त्याही आधी, होत असावी, असे एक अनुमान आहे. तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु विश्वस्तनिधी सांभाळणाऱ्यांस हे आकडे दृष्टीआड करता येत नाहीत.

खान्देशची परिस्थितीही ध्यानी घ्यावी लागते. सातपुड्याच्या पाड्यांवरून चोपडा किंवा शिरपूरमार्गे जळगाव वा धुळे गाठेपर्यंत सहा तासांतले किती हाती उरतात, हे तेथील कुटुंबांना ठाऊक आहे. शिवाय वैशाखात पारा ४५ अंशांकडे झुकतो. इजा झालेल्या मेंदूला अतिउष्णता घातक असल्याने, शीतोपचार नसला तरी, अशा बाळाला ताप चढू न देणे व वरचेवर तापमान मोजणे आवश्यकच ठरते.

म्हणून तूर्त आम्ही देणगीदारांकडे यंत्राऐवजी दुसरे मागणे मागत आहोत: प्रत्येक प्रसूती-टेबलाजवळ श्वास देण्याची पिशवी व मुखवटा, गर्भाच्या ठोक्यांची नोंद घेणारे उपकरण आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणाचा नियमित खर्च. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास देता आला पाहिजे, रात्रपाळीच्या परिचारिकेलाही.

ज्या बालकांना जन्मानंतर झटके आले होते, त्यांच्या पालकांनी बाळ चांगले दिसत असले तरी किमान दोन वर्षे तपासणी चुकवू नये. मान धरणे, बसणे, आवाजाकडे वळणे यांत विलंब दिसल्यास पुढील तारखेची वाट न पाहता बाळाला घेऊन यावे.