क्यासनूर जंगलज्वर

गोचिडीच्या दंशातून माणसास होणारा तीव्र व्हायरसजन्य ज्वर. यास ‘माकडताप’ असेही म्हणतात. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली व त्याच सुमारास जवळच्या गावांत तापाची साथ आली. प्रथम पीतज्वराची शंका आली. परंतु पुण्याच्या व्हायरस संशोधन केंद्राने (सध्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने) केलेल्या तपासात हा व्हायरस रशियातील गोचीडजन्य मस्तिष्कशोथाच्या व्हायरसाशी संबंधित असल्याचे आढळले. दीर्घकाळ कर्नाटकापुरता मर्यादित वाटणारा हा रोग पुढे केरळ, तमिळनाडू, गोवा (२०१५) व महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्हा (२०१६) येथेही आढळला.

प्रसार : हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा ही जंगलातील गोचीड मुख्य वाहक होय. लहान सस्तन प्राणी व माकडे यांच्या रक्ताबरोबर व्हायरस तिच्या शरीरात जातो आणि वाढीच्या पुढील अवस्थांतही टिकून राहतो. माणसास प्रामुख्याने तिच्या आठ पायांच्या, परंतु अपक्व अवस्थेचा दंश होतो. ही अवस्था अतिशय सूक्ष्म असल्याने दंश अनेकदा लक्षातच येत नाही. नोव्हेंबर ते मे या कोरड्या काळात तिची संख्या वाढते. सरपण व पालापाचोळा गोळा करणारे, गुराखी आणि काजूच्या बागांत राबणारे मजूर यांना धोका अधिक असतो. रोग्यापासून दुसऱ्या माणसास लागण होत नाही.

लक्षणे : दंशानंतर ३ ते ८ दिवसांनी एकाएकी थंडी वाजून ताप येतो. तीव्र डोकेदुखी, स्नायूंच्या वेदना, डोळे लाल होणे, उलट्या व अतिसार ही लक्षणे दिसतात. काहींत नाक, हिरड्या वा आतड्यांतून रक्तस्राव होतो. बहुतेक रोगी एक-दोन आठवड्यांत बरे होतात. मात्र काहींना मधल्या बऱ्या काळानंतर पुन्हा ताप येतो व मानेचा ताठरपणा, कंप, भ्रम अशी लक्षणे उद्‌भवतात. मृत्यूचे प्रमाण सु. ३ ते ५% असते.

निदान व चिकित्सा : आरंभीची लक्षणे डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिस यांसारखीच असल्याने रोगी जंगलात गेला होता काय व परिसरात माकडे मेली आहेत काय, ही चौकशी निर्णायक ठरते. निश्चितीसाठी रक्तातील व्हायरसाचे जनुकीय द्रव्य वा प्रतिपिंडे तपासतात. या रोगावर विशिष्ट औषध नाही. शिरेतून द्रव देणे, रक्तस्राव झाल्यास रक्ताधान व सतत देखरेख यांवर भर असतो. रक्तस्राव वाढण्याचा धोका असल्याने ॲस्पिरीन टाळतात. गोचीडजन्य रिकेट्सिया ज्वर मात्र डॉक्सिसायक्लीन या प्रतिजैवाने बरा होतो. म्हणून तशी शंका असल्यास ते औषध तपासणीच्या निष्कर्षाची वाट न पाहता सुरू करतात.

प्रतिबंध : पूर्वी वापरात असलेली लस पुरेशी परिणामकारक नसल्याचे आढळल्याने तिचा वापर थांबविण्यात आला. त्यामुळे दंश टाळणे हाच मुख्य उपाय आहे. जंगलात जाताना अंगभर कपडे घालावेत, उघड्या त्वचेवर कीटकनिवारक तेल लावावे व परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून कपडे धुवावेत. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ उपटावी. ती बोटांनी चिरडू नये वा तिच्यावर रॉकेल ओतू नये. मेलेल्या माकडास स्पर्श न करता आरोग्य केंद्रास कळवावे. कारण माकडांचे मरण ही माणसांतील साथीची बहुधा पहिली सूचना असते.