बाजारातील स्नेह

व्यवहारात मैत्री आणू नये, असे पुष्कळ शहाणे सांगतात. आमचे मत निराळे आहे.

सन १८७० मध्ये जलंब-खामगाव हा आगगाडीचा फाटा सुरू झाला व खामगावची कापसाची पेठ भरभराटली. गावोगावच्या गाड्या तेथे मुक्कामास पडत. भावाच्या खबरीबरोबर अडीअडचणींचीही देवघेव होई. पुढे सन १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याने ग्रामपेढीच्या कर्जाची जबाबदारी सर्व सभासदांवर अमर्याद ठेविली. तेव्हा शेजाऱ्याची नियत पारखणे प्रत्येकास भाग पडले.

महसुली कारकुनीत असता आम्ही एक गोष्ट पाहिली. ज्याने वर्षभर कोणाची विचारपूस केली नाही, त्यास ऐन पेरणीत जामीन मिळेना. दुसऱ्याने मागे बियाणे उसने देऊन त्याचा उच्चारही केला नव्हता. त्याचा बैल दगावला, तेव्हा तिघांनी आपापल्या जोड्या आणून त्याचे शेत पेरून दिले.

वाचकहो, बाजारी जावे तेव्हा भावाइतकीच माणसांचीही चौकशी करावी. माप खरे ठेवावे, शब्द पाळावा, मिळालेली खबर लपवू नये. कामापुरते गोड बोलणे हा स्नेह नव्हे. आधी देणे, हेच त्याचे बियाणे होय.