यादीबाहेरच्या कुटुंबांच्या आरोग्यविम्याचे काय?

गोव्याहून दिल्लीकडे जाणारी गोवा एक्स्प्रेस भुसावळ सोडून मध्य प्रदेशात शिरली की बुऱ्हाणपूर लागते. या शहराचे रेल्वेस्थानक ज्या भागात आहे, तो लालबाग. विसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिलेली ताप्ती मिल याच परिसरात आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या अन्य गिरण्यांप्रमाणे तीही २०२० च्या टाळेबंदीत थांबली. शहराचे पोट आज मुख्यतः घराघरांत आणि लहान शेडांत चालणाऱ्या यंत्रमागांवर अवलंबून आहे. मराठी, हिंदी आणि उर्दू बोलणाऱ्या या कष्टकरी वस्तीकडे पाहिले की राज्यस्तरावरील आरोग्यविम्यात सुधारणा का हवी, हे नेमके कळते.

गिरणीतील कामगाराला कर्मचारी राज्य विम्याचे संरक्षण होते. १९४८ च्या कायद्यान्वये आलेल्या या योजनेत कामगार वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के वर्गणी भरतो. बाह्यरुग्ण उपचार, औषधे आणि आजारपणातील भत्ता हे सारे त्यात येते. मात्र ही योजना सामान्यतः दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. घरात चार माग टाकून व्यापाऱ्याकडून सूत घेणारा आणि मीटरवर मजुरी मिळवणारा विणकर तिच्या कक्षेबाहेर राहतो. गिरणी बंद पडली, की कामगाराचे संरक्षणही काही काळाने संपते.

ही पोकळी भरण्यासाठी २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत योजना सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार तिच्यात मोफत मिळतात. पात्रतेचा मूळ आधार होता २०११ ची सामाजिक-आर्थिक जातनिहाय गणना. मध्य प्रदेशाने त्यात स्वस्त धान्याच्या लाभार्थ्यांची आणि ‘संबल’ योजनेतील असंघटित कामगारांची भर घातली. २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता सामावून घेण्यात आले. ही पावले स्वागतार्हच आहेत. तरीही दोन मोठ्या उणिवा शिल्लक आहेत.

पहिली उणीव यादीची. जो दारिद्र्याच्या यादीत बसत नाही, पण ज्याला खासगी विम्याचा हप्ताही झेपत नाही, असा वर्ग नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात ‘सुटलेला मध्यम वर्ग’ म्हणून दाखवून दिला. देशातील किमान ३० टक्के लोक, म्हणजे सुमारे ४० कोटी माणसे त्यात मोडतात, असा आयोगाचा अंदाज होता. लहान मागमालक, पानटपरीवाला, रिक्षाचालक, साठीतला माजी गिरणी कामगार हे याच वर्गातले. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला, त्याने हप्ता काहीसा हलका झाला. परंतु ज्याचे उत्पन्नच अनिश्चित आहे, त्याला करमाफीनंतर उरणारी रक्कमही जडच जाते.

दुसरी उणीव उपचारांची. यंत्रमागाचा अखंड खडखडाट कानांवर आघात करतो, सुताची धूळ छातीत जाते. या व्याधी मागवाल्याला वर्षानुवर्षे डॉक्टरकडे आणि औषधांच्या दुकानात नेतात. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ बऱ्याच उशिरा येते. आयुष्मान योजना मात्र प्रामुख्याने दाखल झाल्यावरच खर्च उचलते. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच बाहेरचा खर्च तिच्यात धरला जातो. रोजच्या औषधांनी रिकामा होणारा खिसा तसाच राहतो.

लालबागजवळ सतराव्या शतकातील कुंडी भंडारा आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी एकमेकींना जोडलेल्या कुंड्यांमधून शहराला पुरवण्याची ही मोगलकालीन व्यवस्था. विम्याचे तत्त्वही याहून निराळे नाही: अनेकांचे थोडे थोडे एकत्र आले, तरच गरजेच्या वेळी एकाला पुरते. यादीबाहेरच्यांना या साठ्यात येऊ न देणे म्हणजे साठाच उथळ ठेवणे होय.

मार्ग उपलब्ध आहेत. राजस्थानने २०२१ च्या चिरंजीवी योजनेत गरीब कुटुंबांचा हप्ता स्वतः भरला आणि इतरांना वर्षाला ८५० रुपयांत प्रवेश दिला; उरलेला भार सरकारने सोसला. दिवसाला हे अडीच रुपयांहूनही कमी होतात. महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची दारे सर्व शिधापत्रिकाधारकांना उघडली. आपल्या गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना उत्पन्नापेक्षा वास्तव्याला महत्त्व देते.

तिजोरीवर भार पडेल, हा आक्षेप खोटा नाही. ऐच्छिक योजनेत आजारी माणसेच आधी नोंदणी करतात, हेही खरे. म्हणूनच नोंदणी व्यक्तीची न करता संपूर्ण कुटुंबाची व्हावी, तिला ठरावीक मुदत असावी आणि हप्ता उत्पन्नानुसार असावा. रुग्णालयांची देयके वेळेत चुकती झाली पाहिजेत, नाहीतर कार्ड हातात असूनही रुग्णाला दारातून परतावे लागते. शिवाय विमा रुग्णालये बांधत नाही. दीर्घकालीन आजारांची तपासणी आणि औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळाली, तरच विम्यावरचा ताणही घटेल.

हा प्रश्न गोव्यापासून दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. आपल्या योजनेला पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. लालबागचा एखादा तरुण माग सोडून वेर्णा किंवा म्हापशात कामाला आला, तर पहिली पाच वर्षे तो आपल्या यादीबाहेर असतो. आयुष्मान कार्ड देशभर चालते, पण ते त्याच्याकडे असेल तरच. जो राज्यात राबतो, त्याला माफक हप्त्यात त्या राज्याच्या विम्यात प्रवेश मिळावा, एवढे तत्त्व मान्य केले तरी सुधारणेची सुरुवात होईल. ती मध्य प्रदेशाने करावी, तशी गोव्यानेही करावी.