क्लोदच्या बंदरातला उजेड

क्लोद लोरँ हा तेव्हा स्वतंत्र असलेल्या लोरेन प्रांतात जन्मला, पण हयात त्याने रोममध्ये काढली. मृत्यू १६८२. शेबाच्या राणीच्या प्रयाणाचे त्याचे १६४८ मधले बंदरचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दोन्ही बाजूंना भव्य इमारती, मध्ये पाणी आणि क्षितिजाच्या जरा वर सूर्य, थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. राणी बिचारी उजवीकडच्या पायऱ्यांवर, नायक उजेडच.

मी कलाशाळेत गेलो नाही. त्यामुळे हा उजेड येतो कसा, ते फळीवर रंग लावूनच पाहावे लागले. रंगात सफेदा मिसळला की तो उजळतो, पण त्याची खोली जाते. त्याऐवजी खालचा फिका थर वाळू द्यावा आणि जवसाच्या तेलात पातळ केलेला, मंजिष्ठेसारखा पारदर्शक रंग त्यावर पसरावा. प्रकाश रंगातून आत जातो, खालच्या थरावर आपटतो आणि त्याच रंगातून बाहेर येतो. जणू रंगीत काचेतून दोनदा गाळलेला. याला ग्लेझ म्हणतात. उलट, काळपट थरावर सफेद्याचा विरळ हात फिरवला तर निळा रंग न वापरताही तो निळसर दिसतो. चुलीचा धूर काळ्या भिंतीपुढे निळा दिसतो, त्यातलाच प्रकार. दूरची गलबते आणि धुके रंगवायला ही युक्ती फार कामाची.

घाई मात्र चालत नाही. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवे. नाहीतर वरचा आधी कडक होऊन तडकतो.

मला छळणारा प्रश्न पुढचा आहे. चित्रावरचे व्हार्निश वर्षांगणिक पिवळे पडते. मग हे सोनेरीपण क्लोदचे किती आणि व्हार्निशचे किती? सफाईच्या द्रावकाला हा भेद कळत नाही. ग्लेझमध्ये राळ असेल तर तीही व्हार्निशबरोबर निघू शकते. नॅशनल गॅलरीने १९४७ मध्ये साफ केलेल्या चित्रांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा सफाईवरून मोठे वादंग माजले. माझा कल जपून केलेल्या सफाईकडे आहे. पिवळ्या थराखाली आकाशाचा निळा हिरवट होतो; चित्रातला थंड रंगच गेला तर सूर्याची ऊब कशाच्या मानाने जाणवणार?

टर्नरने आपले १८१५ मधले कार्थेजचे चित्र क्लोदच्या शेजारी लावण्याची अट मृत्युपत्रात घातली होती. दोन्ही पाहायला जाल तेव्हा सूर्याकडे नंतर बघा. आधी सावलीतल्या भिंतींकडे बघा. पारदर्शक थराची खोली तिथेच कळते.