गोळी तारापूरची, हिशेब उंब्रियाचा

पालघर जिल्ह्यातल्या तारापूर एमआयडीसीत बनणाऱ्या बल्क ड्रगपैकी निमेसुलाइडचा गेल्या चाळीस वर्षांचा मागोवा घेतला, तर एक गोष्ट खटकते: गोळी आपल्याकडे बनते, तिच्या धोक्याचा हिशेब मात्र परदेशातून येतो. हे वेदनाशामक 1985मध्ये इटलीत बाजारात आलं आणि पुढे आपल्याकडे घरोघरी पोचलं. 2002मध्ये यकृताच्या तक्रारींवरून फिनलंड आणि स्पेनने त्याची विक्री थांबवली. पण तक्रारी किती जणांमागे किती, हे तक्रारींच्या ढिगाऱ्यावरून कळत नाही. त्याचं उत्तर 2003मध्ये इटलीच्या उंब्रिया प्रांतातून आलं. 1997 ते 2001 या काळात वेदनाशामकं घेतलेल्या सुमारे 4 लाख लोकांची प्रिस्क्रिप्शनं आणि इस्पितळातल्या नोंदी तिथे जोडून पाहिल्या गेल्या. निमेसुलाइड घेणाऱ्यांत यकृतविकाराचं प्रमाण दर लाख रुग्ण-वर्षांमागे 35च्या आसपास निघालं; धोका थोडा वाढलेला दिसला. म्हणजे धोका खरा, पण विरळा. युरोपीय नियामकाने 2007मध्ये हे औषध बंद न करता वापर 15 दिवसांपुरता मर्यादित केला. आयर्लंडने मात्र त्याच वर्षी ते बाजारातून काढलं. आकडे हाती असले तरी मतभेद उरतात. निदान वाद कशावर आहे ते तरी कळतं.

आपल्याकडे 2011मध्ये 12 वर्षांखालच्या मुलांसाठी बंदी आली, आणि 2025च्या अखेरीस 100 मिलिग्रॅमवरच्या गोळ्यांवर. दोन्ही निर्णय योग्यच. पण पालघरमध्ये किती जणांनी ही गोळी घेतली आणि त्यातल्या किती जणांचं यकृत बिघडलं, हे त्यांतून समजत नाही. 2010पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, हे खरं. पण त्यात अंश मिळतो, छेद नाही. गोळी मेडिकलमधून चिठ्ठीविना घेतली जाते, मग नोंद होणार कशी, हा आक्षेप वजनदार आहे. तरी क्षयरोग्यांची नावनिशीवार नोंद ‘निक्षय’वर 2012पासून होतेच आहे. सरकारी दवाखान्यांतली ‘ई-औषधी’ प्रणाली गोळ्यांचा साठा मोजते. तिला रुग्णाचा केसपेपर जोडणं अवघड असेल, अशक्य नाही. खर्चाचं म्हणाल, तर सगळा देश एकदम नको. उंब्रियाची लोकसंख्या जेमतेम 8-9 लाख. 2011च्या जनगणनेनुसार पालघरची जवळपास 30 लाख. सुरुवात याच जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून करावी.