पाचशे मीटर कुठून मोजायचे?

मावशींच्या ओट्याला टेपचं टोक लावून त्यांचा नातू बसला आणि मी दुसरं टोक घेऊन माळाकडे निघालो. माळावर लाल रंग दिलेली एक खुंटी ठोकलेली होती. पवनचक्कीचा मनोरा तिथे उभा राहणार होता. तीस मीटरची टेप. जमीन उताराची असली की टेप मातीवर टाकून चालत नाही, अंतर फुगून येतं. ती आडवी, समतल धरायची, ओळंबा सोडायचा आणि तो टेकेल तिथे चुन्याची खूण करायची. नोकरीभर मी भूकरमापक म्हणून हेच केलं. चौदाव्या टेपेला माझा हात खुंटीपाशी पोचला. चारशेवीस मीटर.

केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची ऑक्टोबर २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून मनोरा राहत्या घरापासून किमान ५०० मीटर लांब असावा. कंपनीच्या नकाशावर या खुंटीपासून घरापर्यंतचं अंतर दीड किलोमीटरच्या वर दाखवलं होतं. आकडा खोटा नव्हता. तो गावठाणापासून मोजलेला होता.

बालाघाटच्या या डोंगरपट्ट्यात निम्मं गाव गावठाणात राहतच नाही. माणसं शेतवस्तीवर असतात. चार पत्रे, एक गोठा, दारात बोअर. यातली बरीच घरं ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, चढलेली नसतात. नकाशा काढणारा तरुण मला भला वाटला. त्याने उपग्रहाचं चित्रही दाखवलं. मावशींचा पत्रा त्यात चकाकत होता, पण नकाशावर तो ‘शेड’ म्हणून उतरला होता. तीस वर्षं चूल पेटते आहे त्या घरात कागदावर कुणी राहत नव्हतं.

मला पवनचक्क्या हव्या आहेत, हे आधीच सांगतो. १९८६ मध्ये देशातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प उभे राहिले, त्यांत आपली रत्नागिरी होती. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, आणि आमच्या माळावर ज्येष्ठ-आषाढात उभं राहवत नाही असा वारा असतो. पाऊस दगा देतो त्या वर्षीही तो येतो. कोरडवाहू माणसाला त्याचं भाडं मिळणार असेल तर ते मिळायलाच हवं. म्हणूनच परवानगीचं काम नीट व्हावं, अशी माझी तळमळ आहे.

खाणीसारख्या मोठ्या प्रकल्पाला जनसुनावणी लागते. पवनचक्कीला लागत नाही. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत ती बसत नाही आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये तिला प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांच्या पांढऱ्या श्रेणीत घातलं. धूर नाही, सांडपाणी नाही, तेव्हा ते समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे गावाला सगळ्यांसमोर बोलायची एकच जागा उरते : ग्रामसभा. बाकीची परवानगी कचेऱ्यांमधून फिरते. महाऊर्जा, पारेषण कंपनी, विमानतळ प्राधिकरण आणि बिगरशेतीसाठी महसूल खातं. तिथे शेतकऱ्याची गाठ फक्त कागदाशी पडते.

तो कागदही मी चार दिवस बघत होतो. गावातल्या एका मामांच्या घरी पोत्यावर बसून लोकांनी आणलेले सातबारे, फेरफार, एकाकडे तर १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची नक्कल. दोन गटांवर देवस्थान इनामाची नोंद निघाली. ती जमीन परवानगीशिवाय कुणाला देताच येत नाही. तिघांनी भाडेपट्टा शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिला होता आणि तो पक्का आहे अशी त्यांची समजूत होती. एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. मी हे सांगितलं तेव्हा त्यातल्या एका आबांनी तो कागद घडी घालून पुन्हा खिशात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणि रस्ता. सगळे मनोऱ्याकडे बघतात, पण मनोरा गुंठ्यांत बसतो. साठ मीटरचं पातं घेऊन येणारी गाडी वळायला मात्र डोंगराची कड कापावी लागते. रस्त्याचा भराव ओढ्यात आडवा पडला आणि खाली मोरी घातली नाही, तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आपली वाट बदलतं. शेजारच्या शिवारात मी ते पाहिलं आहे : तुरीच्या रानात गुडघाभर मुरूम आणि बांध कुठे होता ते सांगायला एक बोरीचं झाड.

ग्रामसभा १ मेची. आदल्या दिवशी महिलांची सभा झाली. रस्त्याने पाणंद बंद होईल ही गोष्ट पहिल्यांदा तिथेच निघाली, कारण त्या वाटेने डोक्यावर वैरण घेऊन बायकाच येतात. पुरुषांच्या बोलण्यात चार दिवसांत पाणंद एकदाही आली नव्हती.

गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली कमी असेल ती. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. ठराव गुपचूप होतात ते याच फटीतून. म्हणून मामांनी सकाळीच वस्तीवस्तीवर मोटारसायकल फिरवली. मारुतीच्या पारापुढे एकशेतीसच्या वर सह्या झाल्या.

सरपंचांनी छापील ना हरकत वाचायला घेतली. चार ओळींची होती. मी उठून मोजणीचा कच्चा नकाशा दाखवला. मग मावशी उठल्या.

“भाऊंनी माप काढलंय ते खरं हाय. पर मला एक सांगा, माझं घर घर हाय का न्हाई? तेवढं आधी लिवा.”

पारावर शांतता झाली. ग्रामसेवकांनी पेन खाली ठेवलं. पुढचे दोन तास ती चार ओळींची ना हरकत सगळ्यांनी मिळून पुन्हा लिहिली. प्रत्येक राहत्या वस्तीच्या भिंतीपासून ५०० मीटर. सार्वजनिक रस्त्यापासून मनोऱ्याची उंची, पंख्याच्या व्यासाचा निम्मा आणि वर ५ मीटर. त्या मनोऱ्याचा हिशोब १८५ मीटर येत होता. ओढ्यावर मोऱ्या, किती आणि कुठे ते गटनंबरासह. पाणंद उघडी. सूचक, अनुमोदक आणि प्रोसिडिंग बुकात तिथल्या तिथे नोंद. कंपनीचा तरुण शेवटपर्यंत थांबला. जाताना त्याने माझ्याकडून नकाशाची प्रत मागून घेतली.

खुंटी नंतर शंभर मीटर वर सरकली. भाडं मावशींच्या दिराच्या गटातून चुलतभावाच्या गटात गेलं आणि त्या दोन घरांत आता बोलणं नाही. माझ्याशीही दीर बोलत नाहीत. मोऱ्या तीन ठरल्या होत्या, दोन झाल्या. तिसरीसाठी तहसीलमध्ये अर्ज पडून आहे आणि मृग तोंडावर आहे. परवा मी गेलो तेव्हा मावशींनी हाताला धरून आधी दाराशी नेलं. चौकटीवर निळ्या रंगात घर क्रमांक लिहिलेला होता, आणि घरपट्टीची पावती त्यांनी देवाच्या फोटोमागे खोचून ठेवली होती.